काचेवरचा घरजावई

२ मार्च, सोमवार

यंत्र आलं. एवढी वाट बघायला लावून खोक्यातून निघालं काय, तर साबणाच्या वडीपेक्षा जरासं मोठं काळं पाकीट! त्याला पुढे दोन डोळे, मागे एक डोळा आणि छोटासा पडदा. सोबत तारांचा जुडगा आणि काचेला चिकटवायची चकती. हे गाडीच्या पुढच्या काचेवर लावायचं, गाडीच्या स्वतःच्या कॅमेऱ्याची तार सोडवून मध्ये ह्याची तार घुसवायची. मग म्हणे ते हायवेवर गाडी पट्ट्यांच्या मधोमध ठेवतं, पुढच्या गाडीपासून अंतर राखतं, आणि चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून हलली की ओरडतं. त्यातला प्रोग्रॅम कुठल्या कंपनीचा नाही. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलाय आणि उघडा ठेवलाय. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा.

हा उपद्व्याप कशासाठी, ते इथेच लिहून ठेवते, कारण घरात ह्या विषयावर बोलायची सोय राहिलेली नाही. लेक जनावरांची डॉक्टर झाली. तिला डोंगराकडच्या दवाखान्यात नेमणूक मिळाली आहे, एक एप्रिलला हजर व्हायचंय. तिथे गोठ्यागोठ्यांत जायचं तर गाडी स्वतःच चालवायला हवी. घरची राखाडी गाडी तिला द्यायला माझी ना नाही. माझी ना तिच्या चालवण्याला आहे. अर्ध्या गावाला मी गाडी शिकवली, पण पोटच्या पोरीच्या हाताला काही वळण लागलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्या शेजारी बसून चालवते तेव्हा गाडी नुसती हिसके खाते. माझ्या बाजूलाही एक ब्रेक आहे म्हणून निभावतं. लायसन्सच्या परीक्षेत पहिल्याच फेरीत पास झाली खरी, पण परीक्षा तिने दुसऱ्याच गाडीत दिली आणि साहेब त्या दिवशी खुशीत असणार.

म्हणून मी अट घातली. यंत्र लावायचं, मी ते तपासणार, आणि माझ्या परीक्षेत ते पास झालं तरच गाडी न्यायची. नाहीतर इथल्या प्रयोगशाळेत जागा आहेच. बसून काम, काचपट्ट्या बघायच्या, संध्याकाळी घरी. त्यांना पंचवीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. लेक म्हणाली, "चालेल." इतक्या पटकन म्हणाली की मलाच शंका आली.

४ मार्च, बुधवार

बुधवारी ह्यांचं चष्म्याचं दुकान बंद असतं, म्हणून आजचा मुहूर्त. यूट्यूबवर एक माणूस गप्पा मारत मारत अर्ध्या चहात यंत्र बसवून मोकळा होतो. आमच्याकडे सकाळ गेली. ह्यांनी चष्म्याच्या काचा पुसायचं कापड घेऊन आधी अख्खी काच पुसली, मग आरशामागचं प्लास्टिकचं झाकण इतक्या हळुवारपणे काढलं की मी दोनदा आत जाऊन भाजी हलवून आले. मग गवंड्याकडून उसनी आणलेली पाणसळ काचेला लावून म्हणाले, "काच बरोबर सरळ आहे."

मी म्हटलं, "अहो, पण अंगणच उताराचं आहे, त्याचं काय?"

लेक पायरीवर बसून हसत होती. मग ह्यांनी काचेचा मध्य मोजून खूण केली आणि चकती दाबून धरली. आज नुसती चकती मुरू द्यायची, यंत्र नंतर.

"आयतं काचेवर बसायचं, समोर बघायचं आणि अधूनमधून टुंग करायचं," लेक म्हणाली, "घरजावईच मिळाला की तुला, आई."

नाव चिकटलं. चकतीपेक्षा घट्ट.

७ मार्च, शनिवार

पहिली फेरी. यंत्र पहिल्या दिवशी काहीच करत नाही, नुसतं बघतं. गाडी किती उंच आहे, आपण कुठल्या कोनातून बघतोय, हे त्याला आधी शिकायचं असतं. हे मला मनापासून पटलं. माझ्याकडे येणारे पहिल्याच दिवशी विचारतात, मॅडम, हायवेला कधी जायचं?

मात्र ते सारखं माझ्यावर ओरडत होतं: लक्ष द्या, लक्ष द्या. रस्त्याकडे माझ्याइतकं लक्ष कुणाचं असेल? घरी आल्यावर ह्यांनी माझा गडद गॉगल उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "ह्यातून त्याला तुझे डोळे दिसतच नसतील." लगेच दुकानातून फिक्या काचांचा आणून दिला. मग ओरडणं थांबलं. आत बघणारा तो मागचा डोळा मला अजून आवडलेला नाही. परीक्षा कोण कोणाची घेतंय, असं वाटतं.

१० मार्च, मंगळवार

आज बाह्यवळण रस्त्यावर बटण दाबलं आणि यंत्राने गाडी हातात घेतली. तळव्याखाली चाक आपलं आपण हललं तेव्हा अंगावर काटा आला. हात चाकावर, नजर समोर, आणि काम दुसराच कुणीतरी करतोय.

विद्यार्थी म्हणून गुण बरेच आहेत. ओळीत चालतो. पुढच्याच्या अंगावर जात नाही. उगाच हॉर्न वाजवत नाही. पण भित्रा! समोर ट्रक दिसला, टुंग, यंत्र बंद. पूल आला, टुंग. जरा वळण आलं, टुंग. मी पुन्हा बटण दाबायचं, ह्याने पुन्हा अंग काढून घ्यायचं. ऐन वेळी पळ काढणारा असला सोबती डोंगरात माझ्या मुलीच्या काय कामाचा?

लेक शेजारी बसली होती. तिने एकदा माझ्या पायांकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघायला लागली. नव्या चपलांबद्दल काहीतरी बोलायचं असावं. उजवी पोटरी भरून आलीय, गरम पाण्याने शेकली.

११ मार्च, बुधवार

स्कूलमध्ये आजपासून शिंपीणबाई येतात. ब्लाउज असा शिवतात की बघत राहावं, पण गाडी शिकताना पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा चालतो. बाजाराच्या चौकात गाडीने तीन वेळा आचके दिले.

"मॅडम, मी ब्रेकला पायसुद्धा लावला नाही हो! गाडी आपोआपच थांबते."

मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात."

खरंच सगळे असंच म्हणतात. इतकी वर्षं ऐकतेय. माणसाला स्वतःचा पाय कुठे आहे तेच कळत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

हे यंत्र बनवणाऱ्या लोकांचा एक गट आहे, तिथे काही अडलं तर विचारता येतं. सगळे टोपणनावाने वावरतात. मी तक्रार लिहिली: यंत्र भित्रं आहे, ट्रक आणि पूल दिसला की बंद पडतं, कृपया धीट करावं. 'बदक' नावाच्या गृहस्थांनी दहा मिनिटांत उत्तर दिलं. भाषा नम्र. ट्रक किती लांब होता, ऊन समोरून होतं का, काच स्वच्छ होती का, असं सगळं विचारलं. काच स्वच्छ होती का! ह्यांना दाखवलं तर दुखावले.

मग शेवटी बदक लिहितात, "चालवताना तुमचा पाय ब्रेकवर होता का? ब्रेकला जरा जरी स्पर्श झाला तरी यंत्र बाजूला होतं."

मी कळवलं, मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. ब्रेक कधी लावायचा आणि कधी नाही हे मी लोकांना शिकवते. त्यावर त्यांनी नुसता हसरा चेहरा पाठवला. माणूस चांगला असेल, पण शिष्ट आहे.

१५ मार्च, रविवार

ह्यांना म्हटलं, तुम्ही चालवून बघा. हे गाडी चालवतात ती वाचनालयात बसल्यासारखी. बाह्यवळणावरून जाऊन आले. मी घरीच होते, पोळ्या राहिल्या होत्या.

"काय झालं?"

"काही नाही."

"किती वेळा बंद पडलं?"

"एकदाही नाही."

रविवार आहे, रस्ता मोकळा असणार. शिवाय ह्यांचा वेगच असा की यंत्राला घाबरायला काही उरत नाही. ह्याला चाचणी म्हणत नाहीत.

दुपारी हे जेवणाच्या टेबलाला पॉलिश करत बसले होते. खालून आवाज आला, "अगं, तुझ्या खुर्चीसमोरची आडवी पट्टी एवढी कशी झिजली? बाकीच्या बाजू तर नव्यासारख्या आहेत." मला काय माहीत. मांजर असेल. लेक म्हणाली, "आपल्याकडे मांजर आहे?" शेजाऱ्यांचं येतं कधीकधी.

१७ मार्च, मंगळवार

आज पुन्हा टुंग, टुंग, टुंग. माझ्या नाकी नऊ आले. हसू नये, पण शेवटच्या फेरीत मी त्याला मोठ्याने म्हणाले, "अरे मी आहे ना शेजारी, चल पुढे!" हे मी विद्यार्थ्यांना म्हणते.

संध्याकाळी एक कल्पना सुचली. प्रोग्रॅम उघडा आहे म्हणतात ना, मग बदलता येईल. बदकांना लिहिलं: ब्रेकला पाय लागला तरी यंत्र बंद पडू नये, असा बदल करून मिळेल का? माझा पाय ब्रेकवर नसतोच, पण बहुधा गाडीतलाच काहीतरी दोष असेल, तिला उगाच तसं वाटत असेल.

उत्तर आलं. ह्या वेळी हसरा चेहरा नव्हता.

"ताई, तुम्हाला हवं ते बदला. आवाज बदला, रंग बदला, वळणावर किती हळू जायचं ते बदला. पण हे नाही. आम्ही करून देणार नाही आणि कुणी करून दिलं तर गाडीत घालू नका. चालवणाऱ्याने ब्रेक लावला की मदत करणाऱ्याने बाजूला व्हायचं. चालवणाऱ्याचा शब्द शेवटचा. ह्यात तडजोड नाही."

बोलणं करारी आहे, पण बरोबर आहे. मनातून मला पटलं. मदत करणाऱ्याने आपली पायरी ओळखायला हवी. हेच मी घरजावयाला सांगतेय, दुसरं काय?

लेकीने प्रयोगशाळेला अजून काही कळवलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "तुझी परीक्षा होऊ दे." तिने डोंगरातल्या दवाखान्याचा फोटो फोनवर लावलाय. पत्र्याचं छप्पर, बाहेर दोन म्हशी. तो फोटो बघताना तिचा चेहरा बघितला की मी उठून दुसऱ्या कामाला लागते. प्रयोगशाळा काय वाईट आहे? पांढरा कोट असतो.

१९ मार्च, गुरुवार

आज ह्यांनी आपणहून सांगितलं, "तू चालव, मी स्कूटरवरून मागे येतो. यंत्र बंद पडताना बाहेरून काय दिसतं ते बघू." मला बरं वाटलं, चला, कुणीतरी मनावर घेतलं. मी गावातून गेले, बाह्यवळणावर बटण दाबलं, नेहमीचं टुंगटुंग झालं, आणि पेट्रोलपंपापाशी थांबले. हे आले, हेल्मेट काढलं, चष्मा काढला, चष्मा पुसायला लागले. बोलायचं जड जातं तेव्हा हे चष्मा पुसतात.

"मागचे लाल दिवे सारखे लागतात," हे म्हणाले.

"यंत्र ब्रेक लावत असेल."

"गावात तर यंत्र चालूच नव्हतं."

"मग?"

"गावातही लागत होते. एक आजी रस्त्याकडेला उभ्या होत्या, त्यांना बघून ब्रेक लावलास. त्या बसची वाट बघत होत्या. सायकल दुकानाबाहेर उभी केलेली होती, तिलाही लावलास." मग म्हणाले, "टपालपेटीला लावलास. ती कुठे जाणार होती?"

मी म्हटलं, दिव्याच्या तारेत बिघाड असेल. हे म्हणाले, "असेल." आणि चष्मा पुन्हा पुसायला लागले, तो स्वच्छच होता.

२० मार्च, शुक्रवार

आज कुणाशी बोलले नाही. टपालपेटी म्हणे.

२१ मार्च, शनिवार

शेवटी एकटीच निघाले. बाह्यवळणावर चप्पल काढून मागे ठेवली, उजवा पाय मागे ओढून टाच सीटला टेकवली, गरज पडली तर झटकन पुढे घेता येईल अशी. बटण दाबलं. ट्रक आला. पाय उठला. मी बघत होते, मी त्याला सांगितलं नव्हतं, तरी उठला! दाबून खाली धरला. ट्रक बाजूने गेला, टुंग नाही. पूल आला, पाय पुन्हा उठला, पुन्हा धरला. टुंग नाही. पलीकडच्या फाट्यापर्यंत यंत्र एकदाही बंद पडलं नाही आणि मी मात्र घामाघूम झाले.

घरजावई भित्रा नाही. बिचाऱ्याला मीच दर दोन मिनिटांनी हाकलत होते.

फाट्यावर गाडी उभी करून जरा वेळ बसून राहिले. शिंपीणबाई आठवल्या. सगळे असंच म्हणतात, हे आठवलं. मग लेकीचे ते हिसके आठवले, आणि पुढचा विचार करायचा धीर झाला नाही. घरी येऊन सांगितलं की यंत्र चाचणीला तयार आहे, उद्या लेकीने चालवायचं. एवढंच सांगितलं.

२२ मार्च, रविवार

चाचणीचा दिवस. लेकीनेही अट घातली. "बाबा पुढे बसेल. आई, तू मागे, माझ्या पाठीशी." पाठीशी म्हणजे अक्षरशः पाठीमागे. तिथून मला ना तिचे पाय दिसत होते, ना यंत्राचा पडदा, दिसत होतं ते सीट आणि तिची वेणी.

निघालो. बाजारातून गेलो, चौकातून गेलो, शाळेसमोरून गेलो. हिसका नाही. दूधवाल्याची व्हॅन आमच्या मागे होती, ती शेवटपर्यंत मागेच शांतपणे येत होती, म्हणजे लाल दिवे उगाच लागत नव्हते. गाडी इतकी छान चालली होती की मला वाटलं यंत्राने पोरीच्या हाताला शेवटी वळण लावलं. मनात म्हटलं, मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते ह्या साबणाच्या वडीने केलं.

मग वखारीपाशी एक विटांचा ट्रक गेटमधून मागे मागे येत थेट रस्त्यावर आला. मला तो दिसला तेव्हा माझा पाय आधीच गेला होता.

"आई! माझी पाठ!"

मी तिच्या सीटला लाथ मारली होती. सीट हललं, गाडी मात्र आपल्याच लयीत होती. कारण तिने ट्रक माझ्या आधीच बघितला होता. वेग केव्हाच उतरवला होता, मागच्याला सावध केलं होतं. आम्ही अलगद थांबलो, दूधवाला अलगद थांबला, ट्रकवाल्याने हात दाखवला, आम्ही पुढे निघालो. मी तिथे ब्रेक दाबला असता तर दूधवाला आमच्या डिकीत येऊन बसला असता.

मी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! घरजावई पास!"

ह्यांनी चष्मा काढला.

"अहो, काय झालं?"

"आई," लेक म्हणाली, "तो बंद आहे. घरातून निघाल्यापासून."

मला आधी राग आला. मग लाज वाटली. मग त्या दोन्हींना बाजूला सारून आनंद वर आला. माझी पोरगी गाडी चालवते! उत्तम चालवते. केव्हापासून चालवते कुणास ठाऊक. मी मागे बसून रडले आणि हे पुढून न बघता रुमाल मागे देत राहिले, तो चष्मा पुसायचाच होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दर वेळी सांगायचे, आई, तुझा पाय. तू म्हणायचीस, सगळे असंच म्हणतात."

"आणि मग यंत्राला इतक्या पटकन 'चालेल' का म्हणालीस?"

"म्हटलं, माझ्याऐवजी आता तो शिव्या खाईल."

बाह्यवळण लागल्यावर तिने बटण दाबलं. "इथे बरा आहे तो. लांबच्या रस्त्याला खांदे दुखत नाहीत." तलावापर्यंत गेलो. तो त्याचं काम करत होता, ती तिचं. मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि पाय सीटवर मांडी घालून. लेक आरशात बघून म्हणाली, "आई, सुरेख दिसतेस."

२३ मार्च, सोमवार

शिंपीणबाईंना घेऊन निघाले तेव्हा उजवा पाय ब्रेकच्या अलीकडे, सपाट जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर लक्ष ठेवून बसले. चौकात एकदा खरोखरच गरज होती, तिथे लावला. बाकी सगळा बाजार बाईंनी एकटीने पार केला. शिवणयंत्र कुठल्या कुठे गेलं.

उतरताना म्हणाल्या, "मॅडम, गाडी दुरुस्त करून आणलीत का?"

मी म्हटलं, "हो."

बदकांनाही कळवलं: दोष सापडला, गाडीत नव्हता. त्यांनी विचारलं, मग कुठे होता? मी हसरा चेहरा पाठवला.

२५ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेला फोन मीच लावून दिला आणि लेकीच्या हातात दिला. तिने नम्रपणे नाही सांगितलं. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात येऊन मला मागून मिठी मारली. आम्ही तशा मिठ्या मारणाऱ्यांपैकी नाही. कणकेचे हात असल्यामुळे मला तिला धरता आलं नाही.

खरं सांगायचं तर मला ती जायला नको आहे. गाडी उत्तम चालवली तरी नको आहे. आता तर कारणही उरलेलं नाही, नुसतंच नको आहे. हे इथेच लिहिते, बाहेर बोलणार नाही.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी गेली. गाडीत तिच्या पेट्या, गमबूट, म्हशींच्या औषधांचं खोकं, माझे लाडू. ह्यांनी काच आतून-बाहेरून पुसली, घरजावयाचे डोळे पुसले, लेकीचा चष्माही काढून घेऊन पुसला. मी सूचनांची मोठी यादी मनात तयार ठेवली होती. ती खिडकी खाली करून म्हणाली, "बोल." मी म्हटलं, "सावकाश जा." बाकीचं काही आठवेना. ती वळणावरून गेली तेव्हा लाल दिवे एकदाच लागले, जिथे लागायला हवे तिथे.

हे दुकानात गेले. मी आज शिकवणी ठेवली नव्हती. घर आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. तिची खोली बघायची नाही असं ठरवलं होतं, बघितली. मग जेवणाच्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसले. आता बाह्यवळण संपलं असेल. आता मोठा पूल. आता घाट सुरू झाला असेल, वळणं असतील, समोरून उसाच्या गाड्या येत असतील. हे दुपारी जेवायला आले, जेवले, मी वाढलं. मी काय जेवले ते आठवत नाही. हे पुन्हा दुकानात गेले नाहीत. समोर वर्तमानपत्र धरून बसले, पान उलटलं नाही.

मग फोन वाजला. मेसेज होता.

"पोचले. दोन म्हशी दारातच आहेत. घरजावई हायवेला शहाण्यासारखा वागला, घाटात मी त्याला झोपवला. आई, आता ब्रेकवरून पाय काढ."

काहीतरीच. मी इथे घरात, टेबलाशी बसलेय, कुठला ब्रेक? तरी वाकून खाली बघितलं. उजवा पाय आडव्या पट्टीवर होता, झिजलेल्या जागी, टाच उचललेली, बोटं घट्ट दाबलेली. पोटरी पार दगड झाली होती.

"हे बघा," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी वाकून बघितलं. चष्मा पुसला नाही. नुसते हसले आणि म्हणाले, "पोचलीय ती."

मी पाय काढला आणि खाली जमिनीवर ठेवला.